सोनकांबळे सर आणि आंधळी लाईट

गंगाधर सोनकांबळे यांच्यावर अन्याय झाला आहे. कधी झाला तेही सांगते. लातूरला रेल्वेनं पाणी येतंय त्या याच उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी गेलेली लाईट परत आली त्या क्षणी. कुणी केला ते पुढं येईलच. पण आधी माणूस समजून घ्या. तालुक्यात जे लोक त्यांना सध्या शिव्या घालत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना सोनकांबळे सर म्हणजे ‘लाईट आली तरी कॉम्प्युटर चालू न करणारा माणूस’ एवढंच ठाऊक आहे.

तेवढं मात्र खरं आहे.

सोनकांबळे सर तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी संगणक चालक. ‘सर’ हे पद सरकारनं दिलेलं नाही. पूर्वी ते टायपिंगच्या क्लासात शिकवायचे, तेव्हाचं चिकटलेलं. कार्यालयात लाईट गेली की लोक हळहळतात आणि आली की खूश होतात. सरांचं उलटं. लाईट गेली की ते नुसते गंभीर होत आणि आली की घाबरत. पंखा फिरायला लागला, ट्यूब फडफडली, रांगेतली माणसं सरसावली की सर रहदारीच्या पोलिसासारखा हात वर करत.

“थांबा. लाईट आंधळी हाय अजून.”

आंधळी म्हणजे काय, हे ते नव्या माणसाला नव्यानं समजावत. लाईट जाते तेव्हा सगळ्या गावाचे कूलर, मोटारी, पंखे चालूच राहिलेले असतात. परत येते तेव्हा तिला कळत नाही कुठं जावं. दिसेल तिथं धडकते. “तिला डोळे येऊ द्या, मग बोलवा घरात.” डोळे आले हे ओळखायची त्यांची रीत ठरलेली. समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा. चहा पिऊन संपला की लाईटीला डोळे आले. टपरीवाला सरांना चहामागं काही देतो की काय, अशी शंका मी स्वतः जाहीरपणे बोलून दाखवली होती. टपरीवाल्यानं ती हसण्यावारी नेली. सरांनी मनावर घेतली आणि त्या दिवसापासून ते स्वतःचा चहा घरून थर्मासात आणू लागले. थर्मासातला चहा जास्त गरम असल्यामुळं लाईटीला डोळे यायला आणखी उशीर होऊ लागला.

लाईट गेली की त्यांचं पहिलं काम एकच. कॉम्प्युटरची पिन बोर्डातून उपसायची आणि वायरीचं वेटोळं करून कॉम्प्युटरच्या डोक्यावर नागोबासारखं ठेवायचं. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

कॉम्प्युटरच्या पाठीमागं आत एक पत्र्याचा चौकोनी डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. बाहेरची लाईट आधी त्या डब्यात शिरते, तिथं बारीक होते आणि मग पुढं सगळ्या यंत्राला मिळते. सर त्याला पोट म्हणत. कुणीही कुठलीही तक्रार घेऊन आलं, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं.

“सर, स्क्रीनच येईना.”

“पोट बघा आधी.”

“सर, प्रिंट फिकट यायलीय.”

“पोट बघा आधी.”

एका ग्रामसेवकानं, आपल्या कॉम्प्युटरमध्ये पुण्याहून व्हायरस आला आहे, असं छातीठोक सांगितलं. सरांनी यंत्राच्या पाठीला उलटा हात लावून ताप पाहिला, मग वाकून वास घेतला, मग डबा उघडला. आत एक पाल वाळून कडक झालेली होती. सरांनी ती शेपटीला धरून बाहेर काढली आणि ग्रामसेवकापुढं धरली. “हा घ्या तुमचा व्हायरस. पुण्याचा दिसत न्हाई. आपल्याच भिंतीचा हाय.”

यावरून सर मोठे जाणकार होते असं कुणी समजू नये. त्यांचं ज्ञान अर्धं होतं, भीती तेवढी पूर्ण होती. कृषी खात्याचा एक कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यांनी पोट काढलं, पंखा सोडवला, वायरी सुट्या केल्या, टेबलभर आतडी पसरली आणि डबा जिवंत आहे असं सांगून सगळं परत बसवलं, तरी पडदा काळाच. संध्याकाळी झाडणाऱ्या बाईनं स्क्रीनची पिन सैल आहे ती दाबून बसवली आणि झाडत पुढं गेली. सर म्हणाले, “स्क्रीनचं पोट येगळं असतंय.” हार मानण्याची त्यांची हीच पद्धत.

डबा जिवंत आहे की मेला हे ते केसाच्या आकड्यानं बघत. डब्यातून निघणाऱ्या जुडग्यातली हिरवी वायर आणि काळी वायर त्या आकड्यानं जोडायची. पंखा फिरला तर पोट जिवंत. त्यांच्या वरच्या खिशात पेन नसला तरी आकडा असायचाच, आणि तो बायकांचा, काळा, वाकून सरळ केलेला. लग्न न झालेल्या पन्नाशीच्या माणसाच्या खिशात बायकांचा आकडा म्हटल्यावर कार्यालयाला दुसरं काय पाहिजे.

त्यात भर म्हणजे व्हरांडा. लाईट गेली, पिन उपसली, की सर तडक व्हरांड्यात येत आणि भीमनगराच्या बाजूला घरांच्या माळवदांकडं टक लावून उभे राहत. ऊन असो, धूळ असो. कधी लगेच परत फिरत, कधी चांगलाच वेळ उभे. आत बसलेले कारकून गालात हसत.

“काय सर, दिसली का?”

“दिसली,” असं सर शांतपणे म्हणत आणि आत जाऊन बसत.

आता माझं सांगते. मी जिल्हा कृती समितीचं काम करते. आमच्या तालुक्याला एका सहीसाठी लातूर गाठायचं की नांदेड, यातच माणसाचा दिवस जातो. नवा जिल्हा झाला पाहिजे, ही मागणी माझ्या जन्माआधीची आहे. या उन्हाळ्यात आम्ही कार्यालयाच्या फाटकाशी मंडप टाकला आणि साखळी उपोषण सुरू केलं. भोंग्याला लाईट व्हरांड्यातल्या बोर्डातून घेतली. त्या बोर्डामुळं माझी आणि सरांची रोज भांडणं.

“कार्यकर्त्या बाई, तुमचा भोंगा लई करंट खाऊन राहिला.”

“सर, जिल्हा तुम्हाला नको का?”

“होऊ द्या की. नवा जिल्हा म्हंजी नवं ऑफिस, नवे कॉम्प्युटर, नवे साहेब. लाईट जुनीच. त्या समद्यांची पोटं कोण बघणार?”

मी त्यांना प्रतिगामी म्हटलं. त्यांनी शब्द नीट ऐकून घेतला, मान हलवली आणि आमच्या भोंग्याची पिन सैल झाली होती ती घट्ट करून गेले.

आता अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस.

त्या दिवशी टँकरचे प्रस्ताव जायचे होते. ज्या गावांच्या विहिरी आटल्या त्यांचे कागद कॉम्प्युटरवर भरून दुपारपर्यंत पुढं पाठवायचे, नाहीतर मंजुरी पुढच्या खेपेला, मग टँकर लांबणीवर. आतल्या खोलीत रांग अशी की भिंत दिसेना. सरपंच, ग्रामसेवक, रिकाम्या घागरी घेऊन आलेल्या बाया. घागरी कशाला आणल्या असं शिपायानं विचारलं तेव्हा एक बाई म्हणाली, “तुमास्नी दिसाव्या म्हून.” सर सकाळपासून मान वर न काढता कागद भरत होते. आणि लाईट गेली.

सरांनी पिन उपसली, वेटोळं करून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवली आणि व्हरांड्यात आले. मी मंडपातून त्यांना बघत होते. ते उभे राहिले. उभेच राहिले. नंतर कठड्यावर वाकून बघायला लागले. मग चपला न घालता पायऱ्या उतरले आणि भीमनगराकडं जवळजवळ पळत गेले. डांबर पातळ व्हावं असं ऊन होतं. मंडपातला एक जण म्हणाला, “आज दिसली न्हाई वाटतं.” आम्ही हसलो.

ते गेले आणि लाईट आली. कशी आली ते आमच्या भोंग्यानं सांगितलं. तो आपोआप किंचाळला. मंडपातला बल्ब पिवळ्याचा पांढराफेक झाला. पिन उपसायची अक्कल मला सरांमुळंच आली होती; मी व्हरांड्याकडं पळाले आणि आमची पिन उपसली. आत मात्र गलका झाला. “आली, आली. लावा की हो.” “त्यांची वाट कुठं बघता, दाबा बटण.” “साहेब, तुम्हीच दाबा.” साहेब केबिनमधून आले; हे आतलं मला रांगेतल्या बायांनी नंतर सांगितलं. साहेबांचं नाव लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावरचं वेटोळं सोडलं, पिन बोर्डात घातली, बटण दाबलं. आतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास व्हरांड्यापर्यंत आला. पोट गेलं, आणि जाताना पुढचं सगळं घेऊन गेलं. प्रस्ताव गेले नाहीत. गावांचे टँकर लांबले.

सर परत आले, त्यांच्यामागं मी आत गेले, तेव्हा खोलीत धूर होता आणि लोक त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती मी विसरणार नाही. त्यांनी यंत्राच्या पाठीला उलटा हात लावला, लगेच काढला आणि बोर्डातल्या पिनेकडं बघितलं. मग साहेबांकडं. साहेब भिंतीवरचा नकाशा बघत होते.

दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली. संगणक चालू अवस्थेत सोडून चालकानं जागा सोडली, त्यामुळं यंत्र जळालं, कंत्राट का रद्द करू नये. शिवाय जोडीला कुजबूज: बंद पडलेले डबे हा माणूस घरी नेतो, विकतो, मुद्दाम जाळतो. मेलेले डबे कार्यालयामागं बाभळीखाली फेकलेले असतात, त्यांच्यावर शेळ्या उभ्या राहतात. ‘ती घाण उचलून न्या एकदाची’ असं साहेबच भर व्हरांड्यात त्यांना म्हणाले होते. पण कुजबुजीला एवढी आठवण नसते.

चालू अवस्थेत सोडून, हे धडधडीत खोटं आहे. मी चिडले. मला चिडायला फार लागत नाही. रविवारी दुपारी निवेदनाचा मसुदा घेऊन त्यांच्या घरी गेले, त्यांची सही घ्यायला.

भीमनगरात विहारामागं त्यांची एक खोली आणि पुढं पत्रा. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला गार वाटलं. या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, गार. खोलीत घरघर चालू होती, मोठ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. खाटेवर एक बाई पडलेली होती, केस पांढरे, चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली. खाटेच्या वर लाकडाची आडवी फळी, आणि त्या फळीवर ओळीनं बसवलेले छोटे पंखे, तळहाताएवढे, काळे. कॉम्प्युटरच्या पोटातले. सगळे फिरत होते. त्यांच्या वायरी खाली एका जुन्या बॅटरीला गेल्या होत्या. समोर ओलं पोतं टांगलेलं. पोत्याला पाणी कुठलं, तर भांडी विसळलेलं.

“कोण आलं रं गंगा?”

“हापिसातल्या बाई हायत्या, आक्का.”

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईबाप लहानपणीच गेले. बहात्तरच्या दुष्काळात आक्कानं रस्त्याच्या कामावर मुरूम वाहिला, तेव्हा सर रस्त्याकडेला सरकारी सुकडीची पुडी धरून बसत. पुढं ह्याला शिकवायचं म्हणून तिनं स्वतःचं काही केलं नाही. हे मला सरांनी नाही सांगितलं, शेजारच्या शमीमखालांनी सांगितलं. त्या तेव्हा आत आल्याच होत्या, आक्काच्या केसांना तेल लावायला. उशाशी काळे आकडे काढून ठेवले होते. तसाच एक सरांच्या खिशात होता.

मी कागद पुढं केला. “सर, तुम्ही त्या वेळी कुठं होतात आणि का, एवढं लिहून द्या. बाकी मी बघते.”

सरांनी मला पत्र्याखाली बाहेर आणलं आणि आवाज खाली घेतला.

“घरी आलतो.”

“का?”

“ओढणी दिसली न्हाई.”

मला कळेना. शमीमखाला मागून बाहेर आल्या. “बेटी, इनकी आक्का को लकवा हुआ ना, उस दिन लाईट गेली होती. पंखा बंद, घरात कोणी नाही. ही पडली ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून. तबसे पंखा रुका के घबराती है. ओरडती है, जैसे कोई छोड के गया.” म्हणून सरांनी हे पंखे बॅटरीवर लावले. पण बॅटरी जुनी, कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून लाईट गेली की खाला आत डोकावून बघतात आणि पंखे चालू असले की आपल्या माळवदाच्या कठड्यावर निळी ओढणी टाकतात. ती व्हरांड्यातून दिसते.

“आणि त्या दिवशी?”

खालांनी पदर तोंडाला लावला. “उस दिन टँकर आ गया. मैं घागर लेके लाईन में थी.”

पंखे त्या दिवशीही फिरतच होते. सर धापा टाकत आले तेव्हा आक्का झोपली होती.

“सर, हे लिहून द्या. कोणीही समजून घेईल.”

“न्हाई.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाईल. पण आक्काला कळलं की तिच्यापायी गेली, तर ती म्हणंल पंखे काढ. तिचा स्वभाव हाय तसा. जेवणं बंद करंल.” मग म्हणाले, “आन खालाला बी वाटंल, आपण पाण्याला गेलो म्हून झालं.” खाला तिथंच उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान फिरवली.

तेवढ्यात लाईट गेली. शेजारचा टीव्ही गप्प झाला, गल्लीतला कूलर बंद पडला. सर बोलता बोलता थांबले आणि दारातून आत बघू लागले. पहिल्यांदा पंख्यांकडं, मग आक्काच्या चेहऱ्याकडं. घरघर चालूच राहिली.

“गंगा,” आतून आवाज आला, “लाईट गेली का रं?”

“न्हाई आक्का. हाय.”

“हाय नव्हं?”

“हाव. हाय.”

तालुक्यात, जिल्ह्यात, ज्या नव्या जिल्ह्यासाठी मी घसा फोडते त्यात, लाईट रोज जाते. त्या एका खाटेवर ती कधीच जात नाही, कारण एक माणूस तिथं उन्हातान्हात खोटं बोलत उभा असतो.

मी निवेदन फाडलं. मग बाहेर पायरीवर बसून विचारलं, की त्यांची सही नसेल, पण मी माझ्या नावानं लिहिलं तर? सरांनी खिशातला आकडा चाचपला. म्हणाले, “लिहा. वाचणारे वाचतील. आक्काला वाचता येत न्हाई. फक्त कोणी तोंडानं सांगू नाही.” आणि आत जाता जाता मागं वळून, “त्या मंडपातल्या भोंग्याचं पोट बघून घ्या. त्यातून बी वास येऊन राहिला.”

हे सगळं मी ज्यांच्यासाठी लिहिलं ते तुम्ही आहात. सोमवारी सकाळी त्या कार्यालयात चौकशी आहे. साहेब सांगतील की यंत्र चालू होतं. सर खाली मान घालून बसतील आणि काही बोलणार नाहीत, हे मी आजच सांगते. त्या वेळी मी बाहेर होते, आत नव्हते. आत तुम्ही होता. रांगेत होता, घागरी घेऊन होता, कागद घेऊन होता. ‘दाबा बटण’ असं कोण कोण ओरडलं ते कुणी विचारणार नाही, मीही नाही. तहानलेला माणूस ओरडणारच.

पण तुम्ही पाहिलंय. वायरीचं वेटोळं कॉम्प्युटरच्या डोक्यावर होतं. पिन बोर्डाच्या बाहेर होती. ती आत कुणी घातली, ते तुम्ही पाहिलंय. सोमवारी या आणि तेवढंच सांगा. टँकर लांबला याचा राग आहे ना, तो घेऊनच या, फक्त खऱ्या दोषी माणसापुढं ठेवा.

आणि येताना भीमनगरातून आलात, विहारामागच्या खिडकीतून कुणी विचारलं की लाईट हाय का, तर थांबा, आणि हाय म्हणा.